कॅन्सरमध्ये कॅल्शियम वाढतं ते दुधामुळे नाही

कॅन्सरच्या पेशंटच्या रिपोर्टमध्ये कॅल्शियम जास्त आलं की घरचे आधी दूध बंद करतात, मग दही, मग नाचणी. आधीच जेवण जात नसतं त्यात हे. पण बहुतेक वेळा हे कॅल्शियम जेवणातून आलेलंच नसतं, ते हाडांतून सुटलेलं असतं. शरीरातलं जवळपास 99 टक्के कॅल्शियम हाडांतच असतं.

आता हाडं का झिजतात? कॅन्सर हाडात पसरला असणार असं आपण धरून चालतो, आणि ब्रेस्ट कॅन्सर किंवा मायलोमामध्ये (हाडांतल्या मज्जेचा कॅन्सर) हाडांवर थेट परिणाम होतोही. पण साधारण 10 पैकी 8 पेशंटमध्ये मुख्य कारण वेगळंच असतं, गाठ फुफ्फुसात, तोंडात नाहीतर किडनीत असते आणि तिथूनच पीटीएचआरपी नावाचं प्रोटीन रक्तात सोडते. हे आपल्या पॅराथायरॉइड हार्मोनसारखंच, म्हणजे रक्तातलं कॅल्शियम सांभाळणाऱ्या हार्मोनसारखंच काम करतं, हाडांना सांगतं कॅल्शियम सोडा आणि किडनीला सांगतं लघवीतून जाऊ देऊ नका. असं काहीतरी असणार हा अंदाज अमेरिकेतल्या फुलर ऑलब्राइट या डॉक्टरांनी 1941 मध्येच केला होता, प्रत्यक्ष प्रोटीन हाती लागायला 1987 उजाडलं! आणि हे काही मुळात वाईट प्रोटीन नाही, बाळाला पाजणाऱ्या आईच्या शरीरातही ते बनतं आणि दुधासाठी तिच्या हाडांतून कॅल्शियम काढून देतं.

खरा त्रास पुढे आहे. कॅल्शियम वाढलं की किडनीला पाणी धरून ठेवता येत नाही, लघवी खूप होते, अंग कोरडं पडतं, त्यात मळमळीमुळे पाणीही पोटात जात नाही आणि मग कॅल्शियम अजून चढतं. बद्धकोष्ठता, सारखी तहान, गुंगी, असंबद्ध बोलणं, हे सगळं केमोचा थकवा म्हणून सोडून दिलं जातं याचं मला फार वाईट वाटतं, कारण एका साध्या रक्ततपासणीत हे कळतं. फक्त अल्ब्युमिन, म्हणजे रक्तात कॅल्शियमला धरून ठेवणारं प्रोटीन, कमी असेल तर कॅल्शियम नॉर्मल दिसून फसवू शकतं, म्हणून दोन्ही आकडे एकत्र बघायचे. उपचारात आधी सलाईन, मग हाडांची झीज थांबवणारं झोलेड्रॉनिक अ‍ॅसिडचं इंजेक्शन, त्याचा असर दिसायला दोनेक दिवस लागतात.

काही लिम्फोमात (लसिका ग्रंथींच्या कॅन्सरमध्ये) मात्र गाठच व्हिटॅमिन डीचं अ‍ॅक्टिव्ह रूप बनवते आणि आतडी जास्त कॅल्शियम ओढतात, तिथे खाण्याचा संबंध येतो, स्टेरॉइडही उपयोगी पडतात. अशा पेशंटला कॅल्शियमच्या किंवा व्हिटॅमिन डी थ्रीच्या गोळ्या चालू असतील तर त्या डॉक्टरांना लगेच दाखवा.