ग्रेटर लंडन ऑथॉरिटी

ग्रेटर लंडन ऑथॉरिटी : लंडन महानगराचे लोकनियुक्त प्रादेशिक शासन. मतदारांनी थेट निवडलेला महापौर आणि २५ सदस्यांची लंडन असेंब्ली ही त्याची दोन अंगे. १९९९ च्या कायद्याने ते अस्तित्वात आले आणि पहिली निवडणूक ४ मे २००० रोजी झाली.

महानगराचा एकत्र कारभार लंडनला नवा नव्हता. १९६५ पासून ग्रेटर लंडन कौन्सिल टेम्सच्या काठी, संसदेच्या जवळजवळ समोर, काउंटी हॉलमधून काम करीत असे. १९८१ मध्ये तिचे नेतृत्व मजूर पक्षाच्या केन लिव्हिंगस्टन यांच्याकडे आले. शहरातील बेकारांचा आकडा त्यांनी इमारतीवर, पलीकडच्या खासदारांना दिसेल असा झळकवला. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांच्या हुजूर पक्षाच्या सरकारशी वाढत गेलेल्या संघर्षाची अखेर १९८६ मध्ये कौन्सिलच रद्द होण्यात झाली. पुढची चौदा वर्षे एवढ्या मोठ्या राजधानीला स्वतःचे शासन नव्हते. १९९८ च्या सार्वमतात ७२ टक्के मते नव्या रचनेच्या बाजूने पडली, मतदान मात्र जेमतेम ३४ टक्के होते. पहिले महापौर झाले ते लिव्हिंगस्टनच, आणि तेही पक्षाविरुद्ध अपक्ष म्हणून उभे राहून.

'महापौर' म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे नगरसेवकांनी निवडलेला, सभेचे अध्यक्षपद भूषवणारा मानकरी येतो. मुंबईत कार्यकारी सत्ता आयुक्तांकडे असते. लंडनचा महापौर सभागृहाचा सदस्यही नसतो. अर्थसंकल्प आणि धोरणे तोच ठरवतो. भुयारी रेल्वे व बसगाड्या चालवणारी 'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन' त्याच्या अखत्यारीत येते. मध्य लंडनमध्ये मोटारींवर लावलेला गर्दी-आकार, म्हणजे गर्दीच्या भागात मोटार आणण्याचे शुल्क (२००३), हा याच अधिकाराचा सर्वांत ठळक वापर. पोलीस दलाचे अंदाजपत्रक व प्राधान्यक्रम महापौर ठरवतो, पण पोलीस आयुक्ताची नेमणूक गृहमंत्र्यांच्या शिफारशीवरून राजा करतो. अग्निशमन आणि शहराचा विकास आराखडा हीही महापौराचीच क्षेत्रे.

असेंब्लीचे १४ सदस्य मतदारसंघांतून येतात. उरलेल्या ११ जागा पक्षांना शहरभर मिळालेल्या मतांच्या प्रमाणात, मतदारसंघांतील जागा हिशेबात धरून, वाटल्या जातात. त्यासाठी किमान ५ टक्के मते लागतात. असेंब्ली कायदे करीत नाही. तिचे हत्यार प्रश्न : वर्षातून दहा वेळा महापौराला तिच्यापुढे उत्तरे द्यावी लागतात. अर्थसंकल्पात बदल करायचा तर दोन-तृतीयांश मते हवीत. पंचवीसही सदस्यांनी मतदान केले तर सतरा. म्हणजे नऊ सदस्य पाठीशी असले की महापौर निर्धास्त. अंकुश आहे, पण बोथट.

शाळा, कचरा, ग्रंथालये, समाजसेवा ही रोजची कामे ३२ बरो कौन्सिलांकडे (बरो म्हणजे शहराचा स्थानिक विभाग) आहेत. महापौराचा कराचा वाटाही त्याच आपल्या स्थानिक करासोबत गोळा करून देतात. मोठा पैसा केंद्र सरकारकडून येतो, त्यामुळे वेस्टमिन्स्टरशी, म्हणजे केंद्राशी, खटके उडणे नित्याचेच.

या ३२ बरोंखेरीज लंडनचा ३३ वा भाग म्हणजे जुना व्यापारी गाभा, 'सिटी ऑफ लंडन'. त्याचे स्वतःचे मध्ययुगापासूनचे कॉर्पोरेशन आहे, स्वतःचे पोलीस दल आहे आणि दरवर्षी निवडला जाणारा 'लॉर्ड मेयर'ही आहे. वृत्तपत्रांत हा आणि लंडनचा महापौर यांची नेहमी गल्लत होते.