जर्नल फुकट आहे, पण सापडतंय कुणाला?

ओपन अ‍ॅक्सेस म्हणजे पेपर फुकट वाचता येतो, एवढं आता बऱ्याच जणांना माहितीये. पण ठेवलेला पेपर कुणाला सापडायला पण पाहिजे ना, आणि ते सगळं इंडेक्सिंगवर चालतं, म्हणजे जर्नलची नोंद कुठल्या यादीत आहे त्यावर. स्कोपस आणि वेब ऑफ सायन्स ह्या दोन बड्या याद्या, दोन्ही खासगी कंपन्यांच्या, कुणाला आत घ्यायचं ते तेच ठरवणार आणि विद्यापीठं वर्गणी भरून वापरणार. २०२२ मध्ये एक अभ्यास आला, ओपन जर्नल सिस्टिम्स ह्या मोफत सॉफ्टवेअरवर चालणारी २५ हजारांहून जास्त जर्नल्स मोजली, त्यात इंडोनेशियाची सगळ्यात जास्त, आणि ह्या सगळ्या २५ हजारांतली वेब ऑफ सायन्समध्ये किती? १ टक्क्याच्या आसपास. स्कोपसमध्ये ६ टक्क्यांच्या आत.

मग मोफत यादी काढू, म्हणून २००३ मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठात डीओएजे, म्हणजे ओपन जर्नल्सची मोफत यादी, सुरू झालं, ३०० जर्नल्सपासून, आज २० हजारांच्या वर आहेत. पण २०१३ मध्ये एका पत्रकाराने मुद्दाम चुकांनी भरलेला बनावट पेपर ३०४ जर्नल्सना पाठवला, १५७ जणांनी स्वीकारला, त्यात डीओएजेतली पण होती. मग डीओएजेने सगळ्यांना नव्याने अर्ज करायला लावले आणि २०१६ मध्ये, अर्जच न केलेली ३ हजारांहून जास्त जर्नल्स काढून टाकली.

आपल्याकडे तर विचारूच नका. यूजीसीची मान्य जर्नल्सची यादी आली आणि पुण्याच्या सावित्रीबाई फुले विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ मध्ये तिच्यात विद्यापीठांनी सुचवलेल्या जर्नल्सचा नमुना तपासला, तर ८८ टक्क्यांहून जास्त कमी दर्जाची. त्याच वर्षी यूजीसीने ४ हजारांवर जर्नल्स काढली, मग पुण्यातूनच यूजीसीची नवी, चाळून घेतलेली केअर यादी सुरू झाली, आणि २०२५ मध्ये तीही बंद, आता कॉलेजांनी आपलं आपण ठरवा. मला हे एका अर्थी बरं वाटतं, कारण नाव यादीत आहे ना मग झालं, ही सवय तरी मोडेल. पण तपासायला वेळ कुणाकडे आहे हा प्रश्न उरतोच.

पुढचा रस्ता मला संशोधनाच्या नोंदींचा खुला साठा असलेल्या ओपनअ‍ॅलेक्ससारखा दिसतो. मायक्रोसॉफ्टने आपला अ‍ॅकॅडेमिक डेटा २०२१ अखेर बंद केला आणि लगेच २०२२ च्या जानेवारीत हे उभं राहिलं. इथं दारावर चाळणी नाही, क्रॉसरेफ (पेपरांचे डीओआय नोंदवणारी संस्था) वगैरे ठिकाणांहून जे मिळेल ते सगळं घ्यायचं, डेटा कुणीही उचलावा, गाळणं वापरणाऱ्याने करायचं. पॅरिसच्या सोर्बोन विद्यापीठाने वेब ऑफ सायन्सची वर्गणी बंद करून इकडे मोर्चा वळवला. कचरा पण आत येतो, खरंय, पण चुकीची नोंद दिसते तरी, बंद यादीत का घेतलं आणि का नाही हे कळायलाच मार्ग नसतो.

आता शोध माणूस कमी आणि मशीन जास्त करणार, एआय टूल्स पण असाच डेटा वाचतात. म्हणून डीओआय (पेपरचा कायमचा ओळख क्रमांक), लेखकाचा ऑर्किड नंबर (तसाच लेखकाचा ओळख क्रमांक), संदर्भसूची, सारांश हे सगळं मशीनला वाचता येईल असं दिलेलं असणं हीच खरी दृश्यता. मराठी संशोधन पत्रिका इथं मार खातात, कितीतरी पीडीएफ जुन्या नॉन-युनिकोड फॉन्टमधल्या, स्क्रीनवर सुंदर मराठी दिसते आणि मजकूर कॉपी केला की निव्वळ चिन्हांची खिचडी, सर्च इंजिनला त्यातून काय कळणार. युनिकोड मजकूर आणि इंग्रजी सारांश एवढं केलं तरी बराच फरक पडेल. आणि डीओएजेला अर्ज करायला एक पैसा लागत नाही, कुणी एजंट मागत असेल तर देऊ नका.