मतांगीकारात पिलात कशाला?

मतांगीकार म्हणजे ख्रिस्ती उपासनेत म्हणतात तो श्रद्धेचा जाहीरनामा. तो म्हणताना देवबाप, पुत्र, पवित्र आत्मा आणि कुमारी मरीया यांच्यासोबत पंतय पिलाताचंही नाव घ्यावं लागतं. येशूला वधस्तंभावर पाठवणारा हा रोमी सुभेदार तिथे कसा आला, याचं उत्तर दुसऱ्या शतकातल्या भांडणात आहे. देवाला रक्तमांस कसं असेल, येशूचं शरीर हा निव्वळ भास, असं काही जण शिकवत होते. अंत्युखियाचा बिशप इग्नाशियस कैदी म्हणून रोमकडे नेला जात असताना त्याने पत्रांतून या मताला तोंड दिलं: येशू खरोखर जन्मला, पिलाताच्या अमलात खरोखर छळला गेला, खरोखर मेला. भासाला सुभेदार लागत नाही.

तेव्हा लिहून ठेवलेला एकच ठराविक मतांगीकार नव्हता. बाप्तिस्म्याच्या वेळी पाण्यात उभं करून ‘विश्वास ठेवतोस का?’ असं तीनदा विचारत. पित्याबद्दल, पुत्राबद्दल, आत्म्याबद्दल. हाच पुढच्या मतांगीकारांचा सांगाडा. मार्सियन नावाच्या जहाजमालकाने जुन्या करारातला सृष्टिकर्ता वेगळा आणि येशूचा पिता वेगळा, असं मांडलं. रोमच्या मंडळीने १४४ च्या सुमारास त्याला बाहेर काढलं आणि त्याची दोन लाख सेस्टर्स या रोमी नाण्यांची देणगीही परत केली (देणगी परत करणारी धर्मसंस्था, हेही नोंदवण्यासारखं!). ल्योंचा बिशप आयरेनियस १८० च्या सुमारास श्रद्धेचा सारांश देतो, तेव्हा आकाश, पृथ्वी आणि समुद्र घडवणारा एकच देव, हे आधी सांगतो.

खरा भडका उडाला इजिप्तमधल्या आलेक्सांद्रियात, ३१८ च्या आसपास. एरियस हा तिथला वडील धर्मगुरू. पुत्र सर्व सृष्टीच्या आधीचा, पण तोही निर्माण केलेलाच. ‘तो नव्हता, असा काळ होता’, हे त्याचं म्हणणं. ‘पिता माझ्यापेक्षा थोर आहे’ हे योहानाच्या शुभवर्तमानातलं वचन त्याच्या हाताशी होतंच. सम्राट कॉन्स्टंटाइनला हा वाद आधी क्षुल्लक वाटला. तो मिटेना, तेव्हा त्याने ३२५ मध्ये नायसियाला, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या इझनिकला, परिषद बोलावली. परंपरा ३१८ बिशप सांगते. बायबलात अब्राहामाच्या सेवकांचा आकडाही तोच, म्हणून त्यावर फार विसंबू नये.

अडचण अशी की शास्त्रातलं कोणतंही वचन पुढे केलं, तरी एरियसचे लोक त्याचा आपल्या सोयीचा अर्थ लावत. म्हणून परिषदेला आपल्या मतांगीकारात शास्त्रात नसलेला शब्द घ्यावा लागला: होमोऊसिओस, पित्याशी एकसत्त्व. हा शब्द निष्कलंकही नव्हता. २६८ मध्ये अंत्युखियाच्या परिषदेने तोच नाकारला होता. लिबियाच्या दोन बिशपांनी सही नाकारली आणि एरियसबरोबर हद्दपारी पत्करली.

नायसियाने वाद संपवला, असं सर्रास सांगतात. संपला कुठे? शब्दात एक ‘इ’ घालून होमोइऊसिओस केलं की अर्थ होतो ‘सारख्या सत्त्वाचा’. ऱ्हस्व-दीर्घावरून भांडणाऱ्या आपल्या मंडळींना यात नवल वाटू नये. नायसियाची बाजू लढवणारा अथानासियस पाच वेळा परागंदा झाला. खुद्द कॉन्स्टंटाइनने ३३७ मध्ये मरणशय्येवर बाप्तिस्मा घेतला, तो एरियसच्या पाठीराख्या बिशपाकडून.

आज म्हणतात तो मजकूर ३८१ च्या कॉन्स्टंटिनोपलच्या परिषदेचा मानतात. पवित्र आत्म्याला कमी लेखणाऱ्यांना त्यात उत्तर आहे, पण जपून: आत्मा प्रभू आणि जीवनदाता, पिता-पुत्रांसोबत त्याची आराधना होते. पुत्रासाठीचा ‘एकसत्त्व’ हा शब्द आत्म्यासाठी मात्र वापरलेला नाही. ‘त्याच्या राज्याला अंत नाही’ हे वाक्य अंकाराच्या मार्सेलसच्या विरोधातलं, आणि हा मार्सेलस नायसियाचा कट्टर समर्थक!

पुढे पश्चिमेत आत्मा पित्यापासून ‘व पुत्रापासून’ निघतो, अशी भर पडली. रोमने ती १०१४ मध्ये उपासनेत घेतली. पूर्वेच्या मंडळ्यांनी ती कधीच मानली नाही. केरळातले ऑर्थोडॉक्स सिरियन ख्रिस्ती आजही मतांगीकार म्हणताना ते दोन शब्द घेत नाहीत.