माहिती फुटली: दंड सरकारजमा, भरपाई ग्राहकाची

एखाद्या कंपनीकडून ग्राहकांची माहिती फुटली की ‘कंपनीला २५० कोटींचा दंड होणार, अर्ज करा आणि आपला वाटा घ्या’ असा मजकूर सांगलीतल्या व्हॉट्सॲप गटांवर फिरू लागतो, आणि शिकलीसवरलेली माणसेही तो खरा मानून पुढे धाडतात. ग्राहक आयोग बहुतेकांना ठाऊक आहे. घोळ होतो तो डेटा संरक्षण मंडळाशी, म्हणजे माहिती न जपणाऱ्या कंपन्यांना दंड करणाऱ्या सरकारी मंडळाशी, त्याची गल्लत केल्यामुळे.

डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा २०२३चा असला, तरी त्यातील कंपन्यांवरील मुख्य बंधने मे २०२७मध्ये लागू व्हायची आहेत. ती लागू झाल्यावर सुरक्षेची वाजवी काळजी न घेणाऱ्या कंपनीला मंडळ २५० कोटींपर्यंत दंड करू शकेल. मात्र या दंडातला एक रुपयाही तक्रारदाराच्या हाती पडणार नाही, कारण ती सर्व रक्कम भारताच्या संचित निधीत, म्हणजे सरकारी तिजोरीत जमा होते. मंडळाकडे जाण्यापूर्वी कंपनीच्याच तक्रार निवारण यंत्रणेकडे दाद मागावी लागते, हेही या मजकुरात कोणी लिहीत नाही.

पैसे हवे असतील, तर ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ हाच माझ्या मते सरळ मार्ग आहे. ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याचा आधार नसताना दुसऱ्याला उघड करणे ही त्या कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो वा बेंगळुरूत, तक्रारदार राहतो त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, वकील सक्तीचा नाही आणि सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

अर्थात ‘माहिती फुटली’ एवढे म्हणून भागत नाही. समजा, विश्रामबागेतल्या एखाद्या शिक्षिकेला भामट्याने फोन करून तिच्या घरकर्जाचा खाते क्रमांक आणि हप्त्याची नेमकी रक्कम सांगितली आणि त्या विश्वासावर पैसे उकळले, तर ते तपशील कर्ज देणाऱ्या संस्थेकडूनच बाहेर गेले हे तिला दाखवून द्यावे लागेल. शिवाय मोबदला मोजलेला नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती ‘ग्राहक’च ठरत नाही, मार्केट यार्डातल्या हळद व्यापाऱ्याने निव्वळ धंद्यासाठी घेतलेल्या सेवेचीही सहसा तीच गत होते.

पैसे नुकतेच गेले असतील, तर या दोन्ही दारांआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, म्हणजे रक्कम पुढे सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता राहते. पोलिसांतली तक्रार गुन्हेगारापुरती असते. तिने कंपनीकडून भरपाई मिळत नाही. म्हणून कंपनीचा माहिती फुटल्याचा ईमेल, फसवणुकीच्या फोनची नोंद आणि बँकेचा उतारा जपून ठेवावा, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत आयोगात अर्ज दाखल करावा.