‘अमेरिकन निन्जा वॉरियर’चा पहिला सीझन आणि ‘सासुके 23’: घोळ नेमका कुठे होतो

‘अमेरिकन निन्जा वॉरियर’ या अडथळ्यांच्या शर्यतीच्या अमेरिकी टीव्ही कार्यक्रमाचा पहिला सीझन कोण जिंकलं, असं विचारलं की लीव्हाय म्यूएनबर्ग या अमेरिकी स्पर्धकाचं नाव हमखास पुढे येतं. उत्तर चूक आहे. पहिला सीझन कुणीच जिंकलेलं नाही, आणि त्या सीझनला स्वतःची अंतिम फेरीसुद्धा नव्हती. सगळा गोंधळ इथूनच सुरू होतो.

नंतरच्या वर्षांतला कार्यक्रम सगळ्यांना माहीत आहे: आधी पात्रता फेऱ्या, मग लास व्हेगसचा झगमगाट, शेवटी मनोऱ्यावरचा दोर आणि दहा लाख डॉलर. हेच चित्र डोक्यात ठेवून लोक 2009 कडे बघतात आणि फसतात.

मूळ जपानी कार्यक्रम ‘सासुके’. टीबीएस वाहिनीवर 1997 पासून चालू आहे. नाव सारुतोबी सासुके या दंतकथेतल्या निन्जावरून घेतलंय. ‘नारुतो’ या जपानी अॅनिमे मालिकेतला सासुके हा विषय वेगळा, तो इथे आणू नका. सासुकेला सीझन नसतात, क्रमांक असतात. एक क्रमांक म्हणजे एक पूर्ण स्पर्धा, साधारण शंभर स्पर्धक आणि चार टप्पे. त्यामुळे ‘सासुकेचा तेविसावा सीझन’ हा शब्दप्रयोग ऐकला की कपाळाला हात लावावासा वाटतो. यात थोडा दोष जी4 या अमेरिकी वाहिनीचाही आहे. सासुकेचं ‘निन्जा वॉरियर’ असं बारसं करून तिथे एकेका स्पर्धेचे अर्ध्या-अर्ध्या तासाचे अनेक भाग पाडले गेले, आणि भागांचे आकडे स्पर्धेच्या आकड्यांत मिसळले. तरी सासुकेला ‘अमेरिकन निन्जा वॉरियरची जपानी आवृत्ती’ म्हणणं म्हणजे आजोबांना नातवाची नक्कल म्हणण्यासारखं आहे.

आता खरा मुद्दा. अमेरिकी कार्यक्रमाचा पहिला भाग 12 डिसेंबर 2009 रोजी जी4 वर दाखवला गेला. पात्रता फेऱ्या लॉस एंजेलिसच्या व्हेनिस बीचवर झाल्या. त्यांतून दहा जण निवडले आणि योकोहामातल्या मिदोरियामा स्टुडिओत पाठवले. तिथे त्यांच्यासाठी वेगळी स्पर्धा मांडलेली नव्हती. ते सासुके 23 मध्ये उतरले, जपानी स्पर्धकांच्याच रांगेत, त्याच अडथळ्यांवर, त्याच घड्याळासमोर. ही स्पर्धा जपानमध्ये सप्टेंबर 2009 मध्येच प्रसारित झाली होती. म्हणजे अमेरिकेत पहिला भाग लागायच्या आधीच जपानी प्रेक्षकांनी त्या सीझनचा शेवट पाहून टाकला होता.

म्हणून एकच धाव दोन कार्यक्रमांत दिसते. जी4 च्या संकलनात कॅमेरा त्या दहा जणांच्या मागे असतो, बाकीचे तोंडी लावण्यापुरते. टीबीएसच्या संकलनात हे दहा जण शंभरांतले दहा. दोन्हीकडच्या नोंदी वेगवेगळ्या धरून कुणाच्या धावा मोजल्या, तर एकच धाव दोनदा मोजली जाते.

यावरून जिंकण्याचा अर्थही ठरतो. पहिला सीझन जिंकायचा तर सासुकेच जिंकायला हवी होती, म्हणजे चारही टप्पे पार. जपानीत याला ‘कानझेन सेइहा’ म्हणतात, संपूर्ण विजय. तो कुणालाच मिळाला नाही तर स्पर्धा विजेत्याविना संपते. सर्वांत पुढे गेलेल्याला आपोआप मुकुट मिळत नाही. पहिल्या 23 स्पर्धांत असे विजेते दोनच: 1999 मध्ये आकियामा काझुहिको आणि 2006 मध्ये नागानो माकोतो. तेविसावी कुणीच जिंकली नाही. म्यूएनबर्ग तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचला आणि अमेरिकी चमूत ‘लास्ट मॅन स्टँडिंग’ ठरला. याचा अर्थ सर्वांत शेवटी टिकून राहिलेला, एवढाच. मान मोठा आहे, पण विजेतेपद नव्हे. चारही टप्पे पार करणारे पहिले अमेरिकी स्पर्धक थेट 2015 मध्ये मिळाले, सातव्या सीझनला: जेफ ब्रिटन आणि आयझॅक काल्डिएरो. शेवटच्या टप्प्यातला दोर काल्डिएरो लवकर चढला, म्हणून दहा लाख डॉलर त्याचे.

पात्रता फेरी आणि मिदोरियामा यांतला फरकही लोक विसरतात. अमेरिकी पात्रता फेरीत किती लांब गेलात आणि किती वेगात, यावर क्रमवारी लागते. पाण्यात पडलेला माणूसही पुढे जाऊ शकतो. मिदोरियामात पडलात की संपलं. पहिल्या दोन टप्प्यांवर घड्याळ असतं, त्यामुळे तिथे खालून वर वाकत जाणाऱ्या उंच भिंतीवर पहिली उडी फसली तरी वाया गेलेले सेकंद पुढे नडतात. दुसऱ्या टप्प्यातली सॅमन लॅडर 18 व्या स्पर्धेपासून आली. दांड्याला लोंबकळत त्याच्यासकट वरच्या खाचांत उडी मारायची. एक टोक अडकलं आणि दुसरं चुकलं की दांडा तिरका होतो आणि सगळं वजन एका हातावर येतं. तिसऱ्या टप्प्यावर वेळेची मर्यादा नाही, पण अडथळे जवळजवळ सगळे हातांवर लोंबकळण्याचे. तिथे पाय नाही, पकड दगा देते. धावण्या-उड्या मारण्यात तरबेज माणसं इथेच गळतात.



ही पद्धत पहिल्या सीझनपुरतीच नव्हती. दुसऱ्याची अंतिम झाली सासुके 26 मध्ये, तिसऱ्याची सासुके 27 मध्ये. व्हेगस आलं 2012 मध्ये, चौथ्या सीझनला. तिसऱ्या सीझनची गंमत तर अशी की ती 27 वी स्पर्धा खरोखर जिंकली गेली. जिंकला उरुशिहारा युजी, त्याचा दुसरा संपूर्ण विजय. अमेरिकी विजेत्यांच्या यादीत त्याचं नाव शोधू नका, तो त्या चमूत कधी नव्हताच.