फ्रेंडशिप फोर्स क्लब

परदेशी पाहुण्यांना आठवडाभर स्वतःच्या घरी ठेवून घ्यायचे आणि आपण परदेशी गेलो की हॉटेलात न उतरता तिथल्या कुणाच्या तरी घरी राहायचे, या व्यवहाराची गावपातळीवर सोय लावणारी सभासदांची संस्था. अमेरिकेत अटलांटा येथे मुख्यालय असलेली 'फ्रेंडशिप फोर्स इंटरनॅशनल' ही ना-नफा संस्था अशा क्लबांना एकमेकांशी जोडते. सुमारे ६० देशांत मिळून तीनशेच्या आसपास क्लब आहेत. अमेरिका, कॅनडा, जपान, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, जर्मनी आणि ब्राझील या देशांत त्यांचे जाळे दाट आहे. भारतातही क्लब आहेत.

एक घोटाळा आधीच दूर केलेला बरा. महाराष्ट्रात 'होमस्टे' म्हटले की तारकर्लीची किंवा दिवेआगरची भाड्याची खोली, सोलकढी आणि निघताना हातात पडणारे बिल डोळ्यांपुढे येते. पर्यटन विकास महामंडळाची 'निवास व न्याहारी' योजनाही त्याच जातीची. क्लबचा होमस्टे वेगळा आहे. इथे पाहुणा यजमानाला राहण्याचे पैसे देत नाही आणि यजमानाने मागायचेही नसतात. पाहुणा गिऱ्हाईक नसतो, त्यामुळे त्याला तक्रारीचा हक्कही फारसा उरत नाही. बाकी सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

उगम

कल्पना वेन स्मिथ यांची. ते प्रेस्बिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक होते आणि त्यांनी काही वर्षे ब्राझीलमध्ये मिशनरी म्हणून काढली होती. जिमी कार्टर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याचे राज्यपाल असताना (१९७१–७५) जॉर्जिया आणि ब्राझीलचे पर्नाम्बुको या दोन राज्यांमध्ये नागरिकांच्या घरगुती भेटी घडल्या. त्या अनुभवावर पुढचा डोलारा उभा राहिला. कार्टर अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले आणि शपथ घेऊन दीड महिनाही झाला नव्हता, तोच १ मार्च १९७७ रोजी व्हाइट हाउसमध्ये जमलेल्या राज्यपालांसमोर त्यांनी या उपक्रमाची घोषणा केली. क्लब आजही १ मार्च हा दिवस 'जागतिक मैत्री दिन' म्हणून पाळतात. त्यांच्या पत्नी रोझलिन कार्टर बराच काळ संस्थेच्या मानद अध्यक्षा होत्या.

पहिली अदलाबदल जुलै १९७७ मध्ये झाली, अटलांटा आणि इंग्लंडच्या ईशान्येकडील न्यूकॅसल अपॉन टाइन या शहरांत. त्याच वर्षी मे महिन्यात कार्टर स्वतः न्यूकॅसलला गेले होते आणि तिथल्या गर्दीसमोर 'हाउवे द लॅड्स' ही स्थानिक फुटबॉल रसिकांची आरोळी ठोकून त्यांनी शहर जिंकले होते. कोल्हापुरात येऊन एखाद्या परदेशी पाहुण्याने पहिल्याच वाक्यात 'जगात भारी' म्हणावे, तसा तो प्रकार.

सुरुवातीच्या वर्षांतली रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण ती आज तशी राहिलेली नाही. एक अख्खे विमान भाड्याने घेत. ते अटलांटाची माणसे घेऊन जाई आणि तिकडची माणसे घेऊन परत येई. विमान कोणत्याही दिशेने रिकामे उडत नसल्याने माणशी खर्च कमी पडे. पण त्याचा दुसरा परिणाम असा, की जो सभासद परदेशी गेला तो त्याच आठवड्यात घरी पाहुणा ठेवू शकत नसे. म्हणजे जाणारे एक आणि सांभाळणारे दुसरेच. एका फेरीसाठी शहरातली कितीतरी घरे गोळा करावी लागत आणि बऱ्याच यजमानांच्या वाट्याला प्रवास न येता फक्त पाहुणचार येई. पुढे नेहमीच्या विमानांची तिकिटे आवाक्यात आली, भाड्याची विमाने मागे पडली आणि 'इनकमिंग' व 'आउटगोइंग' हे दोन स्वतंत्र दौरे झाले. गट वीस-पंचवीस जणांचे झाले. त्यामुळे पन्नास-साठ सभासदांचा लहानसा क्लबही दोन्ही बाजू पेलू लागला. आज जो 'स्थानिक क्लब' दिसतो, तो या बदलाचे अपत्य आहे.

१९८० च्या दशकात शीतयुद्ध चालू असतानाही सोव्हिएत संघाशी अशा भेटी झाल्या. १९९२ मध्ये संस्थेचे नाव नोबेल शांतता पुरस्कारासाठी सुचवले गेले होते, असे क्लब अभिमानाने सांगतात. त्यात गैर काही नाही, पण नोबेलसाठी नाव सुचवण्याचा अधिकार जगभरच्या खासदारांना आणि अनेक प्राध्यापकांना असतो आणि समिती सुचवलेली नावे पन्नास वर्षे जाहीर करत नाही, हेही वाचकाला ठाऊक असावे.

कार्टर घराण्याचा मुंबईशीही एक धागा आहे. जिमी कार्टर यांच्या आई लिलियन कार्टर वयाच्या ६८व्या वर्षी 'पीस कोअर' या अमेरिकी सरकारच्या स्वयंसेवक योजनेतून भारतात आल्या आणि १९६६ ते १९६८ या काळात विक्रोळीत राहिल्या. व्यवसायाने त्या परिचारिका. गोदरेज वसाहतीच्या दवाखान्यात त्यांनी काम केले. त्यातूनच क्लबची कल्पना सुचली असे म्हणायला आधार नाही. पण परक्या देशात शेजारपाजाऱ्यांमध्ये राहून आलेली आई ज्याच्या घरात आहे, त्याला अशी योजना पटवून द्यायला वेन स्मिथना फार घसा कोरडा करावा लागला नसेल, एवढे म्हणायला हरकत नाही.

आधीची आणि शेजारची उदाहरणे

घरी राहून देश समजून घ्यायची कल्पना कार्टर-स्मिथ जोडीची मक्तेदारी नाही. 'एक्सपेरिमेंट इन इंटरनॅशनल लिव्हिंग' हा उपक्रम १९३२ पासून विद्यार्थ्यांना परदेशी कुटुंबांत ठेवत आला आहे. डेन्मार्कमध्ये १९४९ साली सुरू झालेली 'सर्वास' ही चळवळ गांधीविचाराने प्रभावित झालेल्या तरुणांची. तिचे नाव एस्पेरांतो या मुद्दाम घडवलेल्या आंतरराष्ट्रीय भाषेतले, अर्थ 'सेवा करतो'. तिथे प्रवासी एकटादुकटा फिरतो, परिचयपत्र दाखवतो आणि साधारण दोन रात्री राहतो. रोटरीची विद्यार्थी-अदलाबदल महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांपर्यंत पोहोचली आहे, पण ती शाळकरी मुलांसाठी. फ्रेंडशिप फोर्सचे वेगळेपण हे की इथे प्रौढ माणसे जातात, तीही गटाने, आणि त्यांना बोलावणारा व पाठवणारा दोन्ही बाजूंना क्लबच असतो. इंटरनेटवरून अनोळखी माणसाचा सोफा शोधण्याच्या अलीकडच्या पद्धतीत पारख ज्याची त्याने करायची असते. इथे ती जबाबदारी क्लब घेतो.

चालते कसे

मुख्यालय दरवर्षी कोणत्या क्लबने कुणाकडे जायचे याच्या जोड्या लावते. क्लब आपली पसंती आणि सोयीचे महिने कळवतात. दौरा ठरला की पाठवणाऱ्या क्लबचा एक समन्वयक आणि बोलावणाऱ्या क्लबचा एक, अशा दोघांच्या डोक्याला काम लागते. जाणाऱ्या सभासदाला 'अँबॅसडर' म्हणतात. मराठी कानाला या शब्दाने आधी पांढरी गाडी आठवते, पण इथे अर्थ राजदूत असाच आहे, मात्र सरकारने न नेमलेला. विमानभाडे, व्हिसा आणि विमा ज्याचा त्याने करायचा. त्याशिवाय मुख्यालयाचे शुल्क असते आणि यजमान क्लबला सामायिक सहली व समारंभांसाठी द्यायची ठरावीक रक्कम असते. ही रक्कम क्लबला जाते, घराला नाही.

यजमानाने स्वच्छ बिछाना, सकाळचा नाश्ता, बहुतेक जेवणे आणि गावातली ने-आण एवढे बघायचे. स्वतंत्र खोली असलीच पाहिजे असे नाही. ज्यांच्याकडे जागाच नाही, ते एखाद्या दिवशी पाहुण्यांना फिरवायची किंवा एका रात्रीच्या जेवणाची जबाबदारी घेतात. मुक्काम सहसा पाच ते सात दिवसांचा असतो. स्वागताची संध्याकाळ, निरोपाची संध्याकाळ, मधे एक-दोन सामूहिक सहली, आणि एक दिवस पूर्ण मोकळा. हा मोकळा दिवसच खरा महत्त्वाचा, असे अनुभवी सभासद म्हणतात. त्या दिवशी बँकेत जायचे असते, नातवाला शाळेतून आणायचे असते, भाजी आणायची असते, आणि पाहुणा बरोबर असतो.

जुन्या पुण्यात गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. क्लबच्या समन्वयकाची वही पाहिली तर ती त्या वारांच्या यादीसारखीच दिसते, फक्त वार लावणारा आता निवृत्त बँक अधिकारी असतो आणि डॉलर मोजून आलेला असतो. शेतीतल्या पैऱ्याशीही तुलना करता येते. आज मी तुझ्या रानात राबलो, उद्या तू माझ्या रानात ये. पण पैऱ्यात फेड त्याच माणसाला होते, इथे तसे होत नाही. ब्राझीलमध्ये ज्याने तुम्हाला जेवू घातले तो कदाचित तुमच्या गावी कधीच येणार नाही. त्याचे ऋण तुम्ही न्यूझीलंडहून आलेल्या तिसऱ्याच जोडप्याला पोहे करून फेडता. या फिरत्या हिशेबाची वही सांभाळणे, हेच क्लबचे खरे काम. प्रवास काय, कोणतीही ट्रॅव्हल कंपनी घडवून आणते.

घरात

अतिथी म्हणजे ज्याची तिथी ठरलेली नाही, अशी या शब्दाची फोड आपल्याकडे पिढ्यानपिढ्या सांगतात. क्लबचा पाहुणा याच्या नेमका उलटा. त्याची तिथीच नव्हे, त्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, मांजर चालते का, गुडघ्याचे ऑपरेशन झाले आहे का, हेही महिना-दोन महिने आधी एका फॉर्मवर येते. 'एक दिवस पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई' ही म्हण सर्वश्रुत आहे. आठवडाभर राहणारा पाहुणा या म्हणीला न जुमानता राहतो. तरी म्हणीत तथ्य आहेच. चौथ्या दिवशी दोन्ही बाजू थकतात, आणि मोकळा दिवस मधोमध ठेवण्यामागे हेही एक कारण असते.

मराठी घरात पहिली अडचण येते ती आग्रहाची. आपल्याकडे 'नको' हा संवादाचा आरंभ असतो. पाहुणा पहिल्यांदा नको म्हणतो, यजमानीण दुसऱ्यांदा वाढते, तिसऱ्यांदा अर्धी पोळी पानात पडते आणि दोघेही समाधानी होतात. परदेशी पाहुण्याचे 'नो, थँक यू' मात्र तिथेच संपते. वाढले की तो संपवतो, कारण पानात टाकणे त्याच्या दृष्टीने असभ्यपणा. त्याने संपवले की आवडले समजून पुन्हा वाढले जाते. उलट दिशेने गेलेल्या मराठी माणसाची गत वेगळी. तिथे 'अजून हवे का' असे एकदाच विचारतात. सवयीने 'नको' म्हटले की भांडे उचलले जाते आणि पाहुणा अर्धपोटी झोपायला जातो. दौऱ्याआधी होणाऱ्या बैठकीत व्हिसापेक्षा हे सांगणे जास्त उपयोगी पडते.

दुसरी अडचण न्हाणीघरात. बादली, तांब्या, गीझरचे बटण नेमके कुठे, पाणी किती वाजता जाते, आणि संडासातला जेटस्प्रे नक्की कशासाठी. समजूतदार यजमान पहिल्या संध्याकाळीच, कुणीही लाजण्याआधी, एक फेरी मारून सगळे दाखवतो. नाश्त्याला पोहे सहसा खपतात. पाहुणा कढीपत्त्याची पाने एकेक करून ताटलीच्या कडेला मांडून ठेवतो, ती घरातल्या लहान मुलांची करमणूक.

भारतातल्या यजमानाला एक कागदी कामही असते, आणि ते विसरून चालत नाही. परदेशी नागरिक घरी मुक्कामाला आला की २४ तासांच्या आत ठरावीक फॉर्म (जुने नाव 'फॉर्म सी') ऑनलाइन भरून विदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाला कळवावे लागते. हॉटेलांना हे सवयीचे असते, घरातल्या आजोबांना नसते. पासपोर्ट आणि व्हिसाची प्रत आधीच मागवून ठेवणे, सोसायटीच्या सेक्रेटरीला आणि वॉचमनला कल्पना देणे, ही कामे बहुधा क्लबमधल्या संगणक येणाऱ्या एखाद्या सभासदाच्या गळ्यात पडतात.

मर्यादा

मैत्री सगळ्यांशी असली तरी ती परवडणारे सगळे नसतात. जायला विमानभाडे लागते, ठेवून घ्यायला जागा लागते. मुंबईत दीड खोलीत राहणाऱ्या कुटुंबाला मनात कितीही असले तरी यजमान होता येत नाही, फार तर एका जेवणाचे. व्यवहाराची भाषा बहुतेक वेळा इंग्रजी असते, त्यामुळे घरातली आजी, जिच्याकडे सांगण्यासारखे सर्वांत जास्त असते, ती हसून पदर सावरत बाजूला बसते. व्हिसाचे तराजूही सारखे नाहीत. श्रीमंत देशातला गट भारताचा ई-व्हिसा घरबसल्या काढतो. भारतातून निघणाऱ्या गटाला मात्र बँकेची विवरणपत्रे, आयकराची कागदपत्रे आणि मुलाखतीची तारीख यांमागे धावावे लागते. यजमान क्लबचे निमंत्रणपत्र फाइलला जोडता येते, त्याने व्हिसाची हमी मिळत नाही.

२०२० मध्ये कोविडमुळे हे सगळेच ठप्प झाले. ज्या उपक्रमाचा पायाच एका टेबलाभोवती बसून जेवणे हा, त्याला पडद्यावरच्या भेटी पुरणाऱ्या नव्हत्या, तरी अनेक क्लबांनी त्या घेतल्या. दौरे पुन्हा सुरू झाले तेव्हा सभासदांचे वय आणखी पुढे सरकले होते. हा क्लबांचा जुना प्रश्न. आठवडा-पंधरवडा सलग मोकळा असणारे लोक मुख्यतः निवृत्त असतात, आणि नोकरदार तरुणाला तेवढी रजा एकदम मिळत नाही. म्हणून काही ठिकाणी लहान मुक्कामाचे किंवा विशिष्ट छंदाभोवती बेतलेले दौरे आखले जातात. समन्वयक मात्र यजमानांची यादी करताना आता एक प्रश्न न चुकता विचारतो: तुमच्या इमारतीला लिफ्ट आहे का, आणि नसेल तर किती पायऱ्या?