साहित्य मंडळ (सोलापूर)

साहित्य मंडळ म्हणजे एखाद्या गावातल्या किंवा शहराच्या एखाद्या भागातल्या लिहित्या माणसांनी एकमेकांचे लेखन ऐकावे, ते तपासून घ्यावे आणि पुढे वाचकांपर्यंत न्यावे, यासाठी स्वेच्छेने चालवलेली संस्था. तिला कधी मंडळ, कधी मंच, परिवार किंवा कट्टा असे नाव असते. काही मंडळांची रीतसर नोंदणी झालेली असते; काही मात्र कुणाच्या ओसरीवर किंवा वाचनालयाच्या मागच्या खोलीत, दरमहा ठरलेल्या रविवारी भरत राहतात आणि वर्षानुवर्षे टिकतात. सभासद होण्यासाठी पुस्तक छापलेले असावे लागत नाही. लिहिण्याची इच्छा असणे आणि दुसऱ्याचे ऐकून घेण्याची तयारी असणे एवढेच पुरते. या नोंदीत सोलापूर शहरातल्या अशा मंडळांचे कार्य आणि त्यांतून नव्या लेखकाला मिळणाऱ्या संधी यांचा विचार केला आहे.

महाराष्ट्रात लेखकांनी एकत्र येण्याची रीत १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानडे आणि लोकहितवादी यांच्या पुढाकाराने भरलेल्या ग्रंथकार संमेलनापासून रुजली. १९०६ मध्ये पुण्यात महाराष्ट्र साहित्य परिषद स्थापन झाली आणि पुढे तिच्या शाखा जिल्ह्याजिल्ह्यांत निघाल्या. सोलापूर या परिषदेच्या कार्यक्षेत्रात येते आणि परिषदेच्या शाखेचे काम शहरात चालते. तथापि सोलापुरातली एकत्र बसून शब्द ऐकण्याची सवय या संस्थांहून कितीतरी जुनी आहे. ग्रामदैवत मानले जाणारे सिद्धरामेश्वर हे बाराव्या शतकातले वचनकार, म्हणजे वचने नावाची छोटी भक्तिपर रचना करणारे संतकवी होते आणि त्यांची वचने कन्नडमध्ये आहेत. पेशवाईच्या उत्तरार्धातले शाहीर राम जोशी सोलापूरचेच. एकाच लावणीत निरनिराळ्या भाषा गुंफण्याचे त्यांचे कौशल्य हे या गावच्या बाजारपेठेत रोज कानांवर पडणाऱ्या बोलींचे देणे असावे, असे म्हणावेसे वाटते. विसाव्या शतकात १९३० मध्ये ब्रिटिश सरकारने शहरावर लादलेल्या मार्शल लॉने (लष्करी अमलाने) आणि १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे व पत्रकार कुर्बान हुसेन यांना झालेल्या फाशीने शहराच्या कवितेला वेगळा स्वर दिला. फासावर जाणाऱ्या क्रांतिकारकाचे आईला उद्देशून असलेले मनोगत कवी कुंजविहारी यांनी लिहिले आणि ते लोकांच्या तोंडी झाले. त्यानंतरच्या काळात कवी संजीव, दत्ता हलसगीकर, समीक्षक निर्मलकुमार फडकुले, कादंबरीकार त्र्यं. वि. सरदेशमुख आणि गो. मा. पवार यांनी सोलापुरात राहून लेखन केले. यांपैकी सरदेशमुख यांना २००३ चा आणि पवार यांना २००७ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे सारे लेखक शहराच्या सभांत आणि बैठकांत सहज भेटत असत. नव्या मुलाला आपली कविता घेऊन पुण्याला जावे लागत नसे, ही त्या पिढीने गावाला दिलेली मोठी देणगी आहे.

अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन सोलापुरात दोनदा भरले: १९४१ मध्ये वि. स. खांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली आणि २००६ मध्ये मारुती चितमपल्ली यांच्या अध्यक्षतेखाली. मुस्लिम मराठी साहित्य संमेलनाची सुरुवातही १९९० मध्ये याच शहरातून झाली. अशा मोठ्या संमेलनांनी गावात उत्साह येतो, पण तो मांडवाबरोबर उतरतो. मंडळाचे खरे काम मासिक बैठकीत होते, आणि म्हणून या नोंदीत बैठकीला अधिक जागा देणे योग्य ठरेल.

बैठक बहुधा संध्याकाळी भरते. सोलापूरचा उन्हाळा कडक असतो. एप्रिल व मे महिन्यांत पारा चाळीस अंशांच्या वर जातो, त्यामुळे दुपारची वेळ ठरवून चालत नाही. पंधरा-वीस माणसे, मध्ये सतरंजी किंवा गोलाकार मांडलेल्या खुर्च्या, आणि वाचणाऱ्यांची नावे आधी लिहून घेणारा एक सूत्रधार, एवढी तयारी पुरते. चांगल्या मंडळांत काही संकेत कटाक्षाने पाळले जातात. कवितेला काही मिनिटे, कथेला त्याहून अधिक, असा वेळ ठरलेला असतो. वाचण्यापूर्वी लेखकाने आपल्या लेखनाची पार्श्वभूमी सांगत बसायचे नसते, कारण जे कागदावर उतरलेले नाही ते वाचकाला कधीच कळणार नसते. वाचन संपल्यावर लगेच वाहवा करण्याऐवजी क्षणभर शांतता राखली जाते आणि मग श्रोते बोलतात: कुठे मन लागले, कुठे धागा सुटला, कोणता शब्द परका वाटला. लेखकाने शेवटपर्यंत ऐकायचे आणि नंतरच उत्तर द्यायचे. हा शेवटचा संकेत पाळणे सर्वांत कठीण, आणि ज्या मंडळात तो मोडतो तिथे चर्चेचा वाद व्हायला वेळ लागत नाही.

अशा बैठकीतून लेखन कसे सुधारते, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. यंत्रमागाविषयी लिहिणाऱ्या नव्या कवीने धोटा (मागावर आडवा धागा इकडून तिकडे नेणारा भाग) हळुवार सरकतो असे लिहिले, तर सोलापूरच्या बैठकीत ती ओळ सहसा टिकत नाही. श्रोत्यांत माग चालवलेला किंवा घरात कांड्या भरलेला कुणीतरी असतोच, आणि तो सांगतो की हातमागाची लय वेगळी, यंत्रमागाची वेगळी; यंत्रमागाच्या खटखटाटात शेजारच्या माणसाशीही ओरडूनच बोलावे लागते. ताणा, बाणा, फणी, कांडी, बीम, पाळी हे शब्द इथे कोशातून घ्यावे लागत नाहीत. शब्दाच्या सच्चेपणाची ही परीक्षा घेणारा श्रोता कोणत्याही लेखन-अभ्यासक्रमात मिळणार नाही. दुसऱ्या बाजूने, आयुष्य मागावर काढलेला एखादा सभासद पहिल्यांदाच लिहू लागला, तर आपले रोजचे अनुभव हाच लेखनाचा विषय असू शकतो हा विश्वास त्याला मंडळातच मिळतो, आणि तो मिळणे हे पुस्तक छापले जाण्याहून मोलाचे आहे.

कवितेच्या तंत्राचे शिक्षणही बहुतांशी बैठकीतच होते. वृत्तबद्ध रचनेत लघु-गुरू मोजून मात्रा कुठे घसरली ते दाखवले जाते. गझलेत मतला (पहिला शेर), रदीफ (शेराच्या शेवटी पुन्हा येणारे शब्द), काफिया (रदीफाआधीचे यमक) व अलामत (काफियात कायम राहणारा स्वर) यांचा हिशेब घातला जातो. सोलापुरात उर्दू मुशायऱ्याची परंपरा असल्याने मराठी गझलकाराला मूळ परंपरेशी परिचित असलेले जाणकार घराजवळ भेटतात. काफियातला दोष कागदावर दिसण्याआधी त्यांच्या कानाला कळतो.

लेखन कार्यशाळा हा मंडळांचा दुसरा नेहमीचा उपक्रम. एक किंवा दोन दिवसांच्या शिबिरात कथेची मांडणी, संवाद, ललित लेख, बालसाहित्य, एकांकिका यांपैकी एखादा विषय घेऊन सहभागींकडून तिथल्या तिथे लिहून घेतले जाते. नुसती व्याख्याने असलेल्या कार्यशाळा लवकर विसरल्या जातात. ज्यांत प्रत्येकाची वही उघडली जाते त्या लक्षात राहतात. शुद्धलेखनासाठी निराळे सत्र ठेवणे हितावह असते. मराठी साहित्य महामंडळाचे १९६२ मध्ये स्वीकारलेले चौदा नियम आणि १९७२ मध्ये त्यांत वाढलेले चार, असे एकूण अठरा नियम सोदाहरण समजावून घेतले, तर ऱ्हस्व-दीर्घाच्या बहुतेक चुका टळतात. सोलापुरी बोलीत लिहिणाऱ्याला मात्र हे नियम लादू नयेत. निवेदन प्रमाण भाषेत आणि संवाद बोलीत ठेवायचा की सारे लेखन बोलीत करायचे, हा निर्णय लेखकाचा असतो. तो त्याने जाणून घेतलेला असावा, एवढेच मंडळाने पाहावे.

सोलापूरच्या मंडळांना जे करता येते आणि महाराष्ट्रातल्या इतर पुष्कळ शहरांना सहजी करता येत नाही, ते म्हणजे अनुवाद. शहराच्या पूर्व भागातल्या पद्मशाली विणकरांच्या घरांत तेलुगू बोलली जाते, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांच्या गावांत कन्नड, आणि अनेक मोहल्ल्यांत उर्दू व दख्खनी. या घरांतली मुले मराठी शाळांत शिकतात, नोकरी-व्यवसाय मराठीत करतात, आणि त्यांतली काही मराठीत लिहितात. तेलुगू मातृभाषा असलेले, सोलापुरात जन्मलेले मारुती चितमपल्ली मराठीतले थोर निसर्गलेखक झाले. विणकर कुटुंबातून आलेले लक्ष्मीनारायण बोल्ली तेलुगू व मराठी अशा दोन्ही भाषांत लिहीत राहिले आणि त्यांनी दोन्ही भाषांमध्ये ये-जा करणारे अनुवाद केले. त्यामुळे मंडळाने वर्षातून दोन-तीन बैठका अनुवादासाठी राखल्या, तर एका ओळीवर तीन भाषांचे जाणकार एकत्र बसू शकतात: एक मूळ अर्थ सांगतो, दुसरा नाद, आणि तिसरा मराठी वाक्य उभे राहते की नाही ते पाहतो. सिद्धरामेश्वरांच्या वचनांवर असे काम करायला सोलापूरइतके योग्य ठिकाण दुसरे नाही. आधुनिक लेखनाचा अनुवाद प्रसिद्ध करताना मूळ लेखकाची किंवा त्याच्या वारसांची लेखी परवानगी लागते. भारतीय कायद्यानुसार स्वामित्वहक्क लेखकाच्या हयातीत आणि निधनानंतर साठ वर्षे टिकतो. मंडळातल्या ज्येष्ठांनी ही गोष्ट नव्या अनुवादकाला पहिल्याच दिवशी सांगितली पाहिजे, कारण वर्षभराचे काम परवानगीअभावी पडून राहणे फार क्लेशकारक असते.

प्रकाशनाच्या संधी अनेक रूपांत येतात. मंडळाचे हस्तलिखित, वार्षिक अंक किंवा दिवाळी अंक ही नव्या लेखकाची पहिली पायरी असते. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ने सुरू केलेली दिवाळी अंकांची प्रथा जिल्ह्याच्या ठिकाणीही रुजली आणि आजही पुष्कळ लेखकांचे नाव पहिल्यांदा स्थानिक दिवाळी अंकातच छापून येते. स्थानिक दैनिकांच्या रविवार पुरवण्या आणि आकाशवाणीचे सोलापूर केंद्र यांच्याकडे लेखन कसे पाठवावे, किती शब्दांचे असावे, प्रत कशी ठेवावी, हे मंडळात विचारून कळते. प्रातिनिधिक कवितासंग्रह हा आणखी एक प्रकार. त्यात सहभागी कवींकडून वर्गणी घेऊन पुस्तक काढतात. वर्गणी घेण्यात गैर काही नाही, परंतु निवड केवळ वर्गणीवर झाली तर त्या पुस्तकाला वाचक मिळत नाही. संपादकाने कविता परत पाठवण्याचे धैर्य दाखवले, तरच त्या संग्रहात असण्याला अर्थ उरतो.

स्वतंत्र पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना महत्त्वाची आहे. लेखकाच्या पहिल्या पुस्तकाच्या प्रकाशनाला तिच्यातून साहाय्य मिळते, आणि हस्तलिखित तज्ज्ञांकडून तपासले जात असल्याने ते आधी बैठकीतून गेलेले असणे उपयोगी पडते. पुस्तकाला लागणारा आयएसबीएन क्रमांक राजा राममोहन रॉय यांच्या नावाच्या राष्ट्रीय संस्थेकडून विनामूल्य मिळतो. त्यासाठी कुणाला पैसे देण्याची गरज नसते, ही साधी माहितीही पुष्कळांना नसते. पहिले पुस्तक निघाल्यावर राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी राखून ठेवलेले विभाग आहेत, आणि पस्तीस वर्षांपर्यंतच्या लेखकांसाठी साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो. सोलापुरातून दिला जाणारा भैरूरतन दमाणी साहित्य पुरस्कार मराठी साहित्यविश्वात प्रतिष्ठेचा मानला जातो. त्याच्या समारंभाला बाहेरगावचे नामवंत लेखक येतात आणि मंडळातल्या तरुणांना त्यांचे बोलणे ऐकता येते.

जाहीर कार्यक्रमांचे वार्षिक चक्र साधारण ठरलेले असते. २७ फेब्रुवारीला, कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी, मराठी भाषा गौरव दिनाचे कविसंमेलन होते. १५ ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनी शाळांमध्ये लेखक-भेटी होतात. हिराचंद नेमचंद वाचनालय, हुतात्मा स्मृती मंदिर आणि फडकुले सभागृह ही अशा सभांची परिचित ठिकाणे आहेत. २००४ मध्ये स्थापन झालेल्या आणि आज पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव धारण करणाऱ्या विद्यापीठामुळे महाविद्यालयीन विद्यार्थ्यांचा ओघही या कार्यक्रमांकडे वळवता येतो.

संस्थात्मक बाजू थोडक्यात सांगता येईल. नोंदणी करायची असल्यास किमान सात सभासद, उद्दिष्टांचे ज्ञापन आणि नियमावली लागते. नोंदणी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली होते, आणि १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यानुसार वार्षिक हिशेब ठेवावा लागतो. इतिवृत्ताची वही मात्र नोंदणी नसलेल्या मंडळानेही ठेवावी. कोणत्या महिन्यात कोणी काय वाचले याची नोंद राहिली, तर पुढे त्या शहराच्या वाङ्मयाचा इतिहास लिहिणाऱ्याला तीच एकमेव साक्ष ठरते.

मंडळांच्या कार्यातल्या उणिवाही नोंदवणे आवश्यक आहे. स्वागत, दीपप्रज्वलन, सत्कार आणि आभार यांतच तास-दीड तास जातो आणि वाचनासाठी आलेल्या शेवटच्या दोघा-तिघांना ‘पुढच्या वेळी’ असे सांगावे लागते. तो शेवटचा वाचक बहुधा नवखा असतो आणि पुष्कळदा तो पुन्हा येत नाही. रात्रपाळी करणारे कामगार आणि सायंकाळी घर सोडू न शकणाऱ्या स्त्रिया यांना ठरलेली वेळ गैरसोयीची असते. विडी वळणाऱ्या हजारो स्त्रियांचे हे शहर आहे; त्यांच्या ओव्या, म्हणी आणि कामाच्या गप्पा यांतून येणारे लेखन बैठकीपर्यंत क्वचितच पोहोचते. काही ठिकाणी यावर उपाय म्हणून स्त्रियांच्या दुपारच्या बैठका घरोघरी आळीपाळीने घेतल्या जातात, आणि ज्यांना लिहिता येत नाही त्यांचे सांगणे दुसरी सभासद उतरवून घेते व पुढच्या बैठकीत त्यांनाच वाचून दाखवते.